चिकटा निघतो, कपाट राहते

नवरात्र आठ दिवसांवर आले की आपल्या भागातल्या घराघरांतून एकच गडबड उडते. अंथरुणे-पांघरुणे धुऊन गच्चीवर पडतात, माळे रिकामे होतात, पितळी डबे चिंचेने घासून उन्हात ठेवले जातात. या सगळ्या धामधुमीत एक वस्तू मात्र दर वर्षी अर्धवट सुटते. ती म्हणजे स्वयंपाकघरातले लाकडी कपाट. आत नवे कागद अंथरले जातात, डबे चकाचक होऊन परत जागेवर बसतात. पण दारांच्या बाहेरच्या बाजूवर, विशेषतः वरच्या अंगाला आणि मुठींभोवती जो थर साचलेला असतो, त्यावर ओले फडके फिरवून आपण पुढे सरकतो. फडके काळे होते, दार मात्र होते तसेच राहते. बोट टेकवले तर चिकटते.

या थराला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. तेलाचा हात लागला की वस्तू ओशट होते, त्यावर धूळ बसली की मेणचट होते आणि दोन्ही वर्षानुवर्षे साचले की त्याचा चिकटा होतो. आमच्या शेजारच्या अक्का एकाच शब्दात काम भागवतात. ‘जिड्डु हिडदैत्री,’ असे म्हटले की झाले. कपाटाला मात्र आपण दोन्ही भाषांत कपाटच म्हणतो. मी कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा शब्दांकडे लक्ष जाणारच. पण या लेखाचा विषय शब्दांचा नाही, कामाचा आहे. कारण या चिकट्यापायी आपल्या भागातली चांगली सागवानी कपाटे अलीकडे भराभर घराबाहेर जाऊ लागली आहेत.

आमच्या घरातले कपाटही त्याच वाटेवर होते. सासऱ्यांनी १९६८ साली घर बांधले, तेव्हा दांडेलीकडचे सागवान आणून करून घेतलेले हे कपाट. वर दोन, खाली दोन अशी चार दारे. पन्नासएक वर्षांत आधी चुलीचा धूर, मग वातीच्या स्टोव्हची काजळी आणि नंतर गॅसवरच्या फोडण्या हे सगळे त्याने अंगावर घेतले. मूळ रंग कोणता, हे घरातल्या धाकट्या मंडळींना ठाऊकच नव्हते. मॉड्युलर किचनचा अंदाज लाखाच्या वर गेला आणि जुने लाकूड घेणाऱ्याने कपाटाचे पाच हजार देऊ केले. ‘काळे पडलेय हो, याच्यात आता काही राहिले नाही,’ असा त्याचा शेरा. यजमान आणि मुलगा नव्याच्या बाजूचे होते. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मला ऐकू आले. ‘आई, दसऱ्यापर्यंत मला मुदत द्या. साफ करून बघू, मग ठरवू,’ असे मी म्हटले.

हा मळ नव्हे, अर्धे व्हार्निश

काम हाती घेण्यापूर्वी आमच्या स्टाफरूममधल्या रसायनशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांनी पहिल्याच वाक्यात माझा समज बदलला. ‘मॅडम, तुम्ही त्याला मळ समजता. ते अर्धे व्हार्निश आहे.’

फोडणी बसली की कढईतून वाफेबरोबर तेलाचे अगदी बारीक थेंब वर उडतात. ते गरम हवेबरोबर चढतात आणि थंड पृष्ठभाग मिळाला की तिथे बसतात. म्हणून शेगडीजवळच्या कपाटाची वरची बाजू सर्वांत खराब असते. ताजे असताना हे तेल साध्या साबणाने निघते. पण काही दिवसांत ते हवेतला प्राणवायू घेऊ लागते. तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, पातळ थर आधी चिकट आणि मग कडक होतो. रंगवाले जवसाचे तेल लाकडाला लावतात आणि ते वाळून पापुद्रा धरते, तशीच ही क्रिया आहे. त्यात धूळ, पीठ, काजळी अडकत जाते.

सगळी तेले सारख्या वेगाने अशी वाळत नाहीत. ते मोजण्यासाठी रसायनशास्त्रात ‘आयोडीन मूल्य’ वापरतात. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरून ठेवते, तो हा आकडा. आकडा मोठा, तर तेल लवकर वाळणार. खोबरेल तेलाचा आकडा जेमतेम १० च्या आसपास असतो. शेंगतेलाचा ९० ते १००, सूर्यफुलाचा साधारण १२० ते १४०, करडईचा १४० च्या आसपास आणि जवसाचा १७० ते २००. आता आपल्या भागातल्या स्वयंपाकघरांचा विचार करा. विजापूर-बागलकोटकडचे करडईचे तेल, म्हणजे कुसुबी एण्णी, अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. नंतर सूर्यफूल आले. दोन्ही वाळणारी तेले. कोकणातल्या खोबरेल तेलाच्या घरात कपाट तेलकट होईल. आपल्याकडे त्यावर कवच चढते. नुसत्या पाण्याच्या फडक्याला ते का दाद देत नाही, हे त्यावरून कळते.

यातून एक सूत्र मिळाले. कवच खरवडायचे नाही, ते आधी मऊ करायचे आणि मग उचलायचे. खरवडायला गेलो की वरचा चिकटा आणि खालचे पॉलिश दोन्ही निघतात. वाचवायचे आहे ते पॉलिश.

आधी पॉलिश ओळखा

जुन्या कपाटांना बहुधा लाखेचे पॉलिश असते. लाखेच्या चपड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मेस्त्री कापसाच्या बोळ्याने ते हात देत. अलीकडच्या कपाटांना मेलामाइन किंवा पीयू मारलेले असते. लाखेचे पॉलिश दिसायला सुंदर, पण नाजूक. ते स्पिरिटने विरघळते, तीव्र सोड्याने सुटते आणि पाणी जास्त वेळ साचले तर त्यावर पांढरट डाग उमटतो. मेलामाइन आणि पीयू पुष्कळ सोसतात.

ओळखायचे कसे? दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, नजरेआड असलेला रुपयाएवढा भाग आधी साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून वाळवावा. त्यावर कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावून मिनिटभर थांबावे. बोटाला चिकट लागले, तर लाख. काहीच फरक पडला नाही, तर मेलामाइन किंवा पीयू. पॉलिशच नसेल, तर थेंब लाकडात जिरून जातो.

हे करताना गॅस बंद हवा. आपल्याकडे पुष्कळ घरांत देव्हाराही स्वयंपाकघरातच असतो. समई किंवा निरांजन तेवत असताना स्पिरिटची बाटली उघडू नये. देवाची पूजा आटोपून, दिवा शांत झाल्यावरच हे काम काढावे.

दुभाषी साबण

तेल आणि पाणी यांचे जमत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. साबणाचा रेणू मात्र दोन टोकांचा असतो. एक टोक तेलाशी जुळते, दुसरे पाण्याशी. तो तेलाचा कण मधोमध धरतो आणि पाण्यात ओढून नेतो. आपल्या घरांतली मुले आजोळी एक भाषा आणि घरी दुसरी भाषा बोलून दोन्हीकडची माणसे जोडतात, तसेच हे काम. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर साध्या साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा चोथा लाकडावर बसतो. अशा घरांनी भांडी घासायचे लिक्विड वापरावे.

आता कृती सांगते. एका वेळी एकच दार घ्यावे. चारही दारे एकदम भिजवली की हात पोहोचेपर्यंत पाणी लाकडात मुरते.

प्रथम कोरड्या कुंच्याने धूळ आणि जळमटे झाडावीत. हे टाळले, तर धुळीचा चिखल होतो आणि तोच पॉलिशवर घासला जातो. मुठी, कड्या स्क्रू काढून वेगळ्या कराव्यात आणि गरम साबणाच्या पाण्यात टाकून ठेवाव्यात. निम्मा चिकटा त्यांच्याभोवतीच असतो.

एक लिटर कोमट पाणी, हाताला सोसेल इतके गरम, त्यात एक चमचा लिक्विड. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे फडके त्यात बुडवून घट्ट पिळावे. ओले फडके दारावर पसरून दोन-तीन मिनिटे तसेच ठेवावे. घासायची घाई नको. उष्णता आणि साबण यांना त्यांचे काम करू द्यावे. मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसावे, आडवे नाही. फडके काळे झाले की बाजू बदलावी. नंतर स्वच्छ पाण्यातून पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने पुसावे आणि तिसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपून घ्यावे. मसोते तीन हवीत, हे लक्षात ठेवावे. आमच्या सासूबाई त्याला अजून ‘मसि बट्टे’च म्हणतात.

हे एकदा करून दार स्वच्छ होणार नाही. आमच्या वरच्या दारांना चार खेपा लागल्या. पण प्रत्येक खेपेला एक पापुद्रा कमी होतो आणि खालचा रंग थोडा अधिक दिसतो.

हट्टी जागांसाठी दोन उपाय आहेत. पहिला ऐकायला विचित्र वाटेल. तेलाचा चिकटा तेलानेच मऊ करायचा. कापसावर थोडे शेंगतेल किंवा खोबरेल घेऊन चिकट भागावर चोळावे आणि दहा मिनिटे सोडावे. ताजे तेल जुन्या थरात शिरून तो सैल करते. मग गव्हाचा कोंडा किंवा डाळीचे पीठ चोळून तेल टिपावे, उटण्यासारखे, आणि लगेच साबणाच्या पाण्याने पुसून काढावे. दुसरा उपाय खाण्याच्या सोड्याचा. तीन भाग सोडा, एक भाग पाणी असा लगदा करून बोटाने हलकेच लावावा, पाच मिनिटांनी पुसावा. नक्षीच्या खाचांत जुना टूथब्रश चालतो. मऊ झालेला चिकटा उचलायला बांबूची चपटी काडी किंवा मुदत संपलेले एटीएम कार्ड पुरते. सुरी नको.

लाखेच्या पॉलिशला रिठ्याचे पाणी उत्तम. रात्री आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून, लिटरभर पाण्यात भिजवावेत. सकाळी उकळून गाळावे. अंटवाळकाई म्हणून बाजारात मागितले तरी हेच मिळते. पैठणी आणि इरकल धुवायला ज्याच्यावर आपण विश्वास टाकतो, तो कपाटालाही चालतो.

तीन सोडे आणि एक फसवी फसफस

सोडा म्हटले की सगळे एकच, असा गैरसमज असतो. खाण्याचा सोडा सौम्य आहे, त्याची क्षारता आठच्या किंचित वर. धुण्याचा सोडा अकराच्या घरात जातो. कॉस्टिक सोडा त्याहून कितीतरी तीव्र, तेरा-चौदा. आकड्यांतला फरक लहान दिसतो, पण या मापात प्रत्येक पायरी दहापट असते. धुण्याचा सोडा लिटरला एक चमचा एवढा, हातमोजे घालून, मेलामाइन किंवा सनमायकावर चालेल, लाखेवर नाही. कॉस्टिकला तर लाकडाच्या जवळ येऊ देऊ नये. आमच्या नात्यातल्या एका घरी कुणीतरी सुचवले म्हणून तो वापरला. चिकटा गेला, पण पॉलिश चट्ट्या-चट्ट्यांनी उडाले, लाकूड काळपट झाले आणि वहिनींच्या बोटांची साल निघाली ती वेगळीच.

सध्या मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओंत सोड्यावर व्हिनेगर ओतून फसफस दाखवतात. बघायला मजा येते. परंतु सोडा क्षार आणि व्हिनेगर आम्ल. दोघे एकमेकांना संपवतात, कर्बवायू उडून जातो आणि उरते किंचित खारट पाणी. चिकटा काढण्याची ताकद दोघांतली एकाचीही शिल्लक राहत नाही. वापरायचेच तर वेगवेगळे वापरावे.

आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगते. फरशी धुण्याचे ब्लीच कपाटाला लावू नये. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनियाचे क्लीनर मिसळले, तर विषारी वायू तयार होतात. दसऱ्याच्या सफाईत न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एकाच दिवशी काढले की बादल्यांची अदलाबदल होते. तेवढे सांभाळावे.

फडके लाल का झाले?

सोड्याचा लगदा मुठीभोवती लावला, तेव्हा पुसताना फडक्यावर तांबडा रंग आला. मुलगा घाबरला, ‘आई, कपाटाचा रंग जातोय!’ सासूबाई मात्र हसल्या. ‘अरे, हळद आहे ती. कुंकू कसे करतात, ठाऊक नाही का?’

त्यांचे बरोबर होते. हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याला क्षार लागला की ते लाल होते. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू करतात, ते याच गुणामुळे. वर्षानुवर्षे मसाल्याच्या हातांनी मूठ धरली, त्या हळदीचे ते कुंकू झाले होते. लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळे. तेव्हा सोडा लावल्यावर तांबडे पाणी निघाले तर घाबरू नका, पॉलिश गेलेले नाही. मागे राहिलेली पिवळट झाक दार उजेडात राहिले की हळूहळू फिकी पडते. हळदीचा रंग प्रकाशापुढे टिकत नाही.

दाराआडचा हिशेब

दुसऱ्या रविवारी मेस्त्री पाहायला आले. त्यांचे म्हणणे सरळ होते. ‘कशाला एवढे कष्ट घेता, बाई? पॉलिश पेपर मारतो, आतून-बाहेरून साफ करून नवा हात देतो.’ धंद्याच्या दृष्टीने ते चुकीचे बोलत नव्हते. पण तोवर डाव्या दाराची आतली बाजू माझ्या हातात होती, आणि रिठ्याच्या पाण्याखालून तिथे पेन्सिलीच्या खुणा वर येऊ लागल्या होत्या.

तो दुधाचा हिशेब होता. वरच्या भागात आजेसासूबाईंच्या हातचे मराठी आकडे. सकाळी दीड, संध्याकाळी एक, मध्येच ‘खाडा’. त्याच्या खाली ‘हालु’ असे कानडीत लिहून पुढे कानडी आकडे. सासूबाई धारवाडच्या. १९७४ साली लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा त्यांना मराठी समजत होते, लिहिता येत नव्हते. सासूने दुधाचा हिशेब सुनेकडे सोपवला आणि सुनेने तो आपल्या अक्षरात ठेवला. सासूला कानडी आकडे वाचता येत नसत. मग महिनाअखेर दोघी दारापाशी बसायच्या. एक वाचायची, दुसरी बोटांवर मोजायची. असे दीड-दोन वर्षे चालले. सर्वांत खालच्या ओळींत सासूबाईंचे आकडे मराठी झाले आहेत, थोडे थरथरते, पहिलीतल्या मुलासारखे. हे सगळे त्यांनी मला त्या दिवशी सांगितले. माझ्या लग्नाला एवढी वर्षे झाली, पण हा विषय कधी निघाला नव्हता.

पेन्सिलीचे शिसे साबणात किंवा पाण्यात विरघळत नाही. हलक्या हाताने पुसले, तर ते लाकडाच्या रेषांत टिकून राहते. पॉलिश पेपरपुढे मात्र त्याचा एका मिनिटात भुगा होतो. मेस्त्रींनी स्वतःच पेपर पिशवीत परत ठेवला. ‘ही बाजू तशीच राहू दे, बाई,’ म्हणाले. ते बडिगेर घराण्यातले. कानडी ओळी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवल्या.

तुमच्या घरातल्या कपाटाच्या दाराआडही काही ना काही असेल. दुधाचा, इस्त्रीचा हिशेब, मुलांच्या उंचीच्या रेघा, गॅसचा नंबर लावल्याच्या तारखा. म्हणून आतल्या बाजूला हात घालण्यापूर्वी बॅटरीच्या तिरप्या उजेडात एकदा नीट पाहून घ्यावे आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मगच फडके बुडवावे.

काय करू नये

तारेची घासणी लाकडावर वापरू नये. तिचे बारीक तुकडे रेषांत अडकतात आणि ओलाव्याने गंजून काळे ठिपके उमटतात. रॉकेलने चिकटा सुटतो हे खरे, पण वास आठवडाभर जात नाही आणि शेगडीजवळ ती आगीशी खेळण्याची गोष्ट आहे. दारे काढून कडक उन्हात ठेवू नयेत, लाकूड वाकते. सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत. पावसाळ्यात हे काम काढू नये. आपल्याकडच्या पावसात दारे आधीच फुगलेली असतात, त्यांत आणखी पाणी मुरले तर बुरशी धरते. दसऱ्यापूर्वीचे उघडीप पडलेले दिवस किंवा युगादीपूर्वीचा फाल्गुन, हे दोन हंगाम योग्य.

स्वच्छ झाल्यावर चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोळायची पद्धत अनेक घरांत आहे. दिवाळीपुरते छान दिसते. पण खोबरेल वाळत नाही, ओलेच राहते आणि महिन्याभरात त्यावर धूळ बसून पुन्हा ओशट थर तयार होतो. त्यापेक्षा दोन दिवस कपाट पूर्ण वाळू द्यावे आणि लाकडासाठी मिळणारे मेणाचे पॉलिश अगदी पातळ लावून कोरड्या फडक्याने घासावे. पॉलिश उरलेच नसेल, तर मेस्त्री जवसाच्या तेलाचा हात देतात. तसे करणार असाल तर एक खबरदारी घ्या. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

ज्यांच्याकडे प्लायवूड किंवा एमडीएफवर सनमायका लावलेली कपाटे आहेत, त्यांचे काम सोपे आणि कठीण दोन्ही. सनमायका सोड्याला, साबणाला दाद देते. पण कडेच्या पट्टीतून पाणी आत गेले, तर एमडीएफ पावासारखे फुगते आणि पुन्हा बसत नाही. तिथे फडके जवळजवळ कोरडेच हवे. वाळवी लागलेले किंवा फुगून सुटलेले कपाट असेल, तर त्यावर तीन रविवार घालवण्यात अर्थ नाही. ते खुशाल काढावे. टिकवायचे ते टिकण्याजोगे असेल तरच.

तीन रविवार, चार माणसे

आमचे कपाट तीन रविवारांत झाले. सगळे काही निघाले नाही. शेगडीच्या बाजूच्या दाराचा खालचा कोपरा उष्णतेने करपला आहे, तो काळाच राहिला. बाकीच्या दारांवर सागाच्या सोनेरी-तपकिरी रेषा दिसू लागल्या. यजमानांनी मॉड्युलरवाल्याला पुन्हा बोलावून आराखडा बदलून घेतला. खालचा ओटा नवा होईल, कपाट आहे तिथेच राहील. जुने लाकूड घेणारा फोन करून आता आठ हजार म्हणतो.

या कामाचे एक अंग मात्र रसायनशास्त्रात बसत नाही. ते म्हणजे स्टुलावर चढायचे कुणी? दर दसऱ्याला आपल्या घरांतून साठी-सत्तरीच्या बायका स्टुलावर उभ्या राहून वरची दारे पुसतात. ओले हात, ओली फरशी आणि डुगडुगणारे स्टूल. त्या वयात मांडीचे हाड मोडले, तर पुढचे सहा महिने अंथरुणावर जातात. आमच्याकडे सासूबाई खुर्चीवर बसून मुठी घासत होत्या, शिडीवर यजमान, फडकी पिळायला मुलगा आणि पुसायला मी. उंचावरचे काम उंच आणि धडधाकट माणसाने करावे. स्वयंपाकघरातले आहे म्हणून ते बायकांचेच असले पाहिजे, असे कुठे लिहिलेले नाही.

पुन्हा पन्नास वर्षांचा थर साचू नये, यासाठी फार काही लागत नाही. फोडणी देताना एक्झॉस्ट फॅन आधी लावावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटे चालू ठेवावा. चिमणी असेल तर तिची जाळी महिन्यातून एकदा गरम साबणाच्या पाण्यात बुडवून धुवावी. जाळी तुंबली की तेल पुन्हा कपाटाकडेच वळते. तळणीच्या दिवशी, म्हणजे चकल्या, करंज्या, मिरची भजी झाली की त्याच रात्री शेगडीजवळची दोन दारे आणि मुठी कोमट साबणाच्या फडक्याने पुसाव्यात. तेल ताजे असते तोवर दोन मिनिटांत निघते. तेच तेल आठवडाभर राहिले तर दहा मिनिटे घेते आणि वर्षभर राहिले तर एक रविवार. कपाटाच्या माथ्यावर, जिथे नजर जात नाही तिथे, जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि दर दोन महिन्यांनी बदलावे. हाच अंक त्या कामी आला, तरी माझी हरकत नाही. त्याआधी फक्त वाचून घ्या.